केचपवाल्या बहिणींचं पुढं काय झालं?

गॅदरिंगचे दिवस आले की हा प्रश्न ठरलेला. मी कोल्हापुरात शाळांचे नाच बसवते आणि लहान वर्गांसाठी बऱ्याचदा 'द केचप साँग' घेते. मग मुलांना न्यायला आलेल्या आयांपैकी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, हे तर आमच्या कॉलेजच्या वेळचं गाणं की! त्या तिघींचं पुढं काय झालं ओ? एक गाणं गाजलं आणि गायबच झाल्या, न्हवं?" एखाद्या आजी त्याहून स्पष्ट बोलतात, "असल्या टाइमपास गाण्यापेक्षा पोरांना काहीतरी चांगलं शिकवा की." पोरांचे बूट, वॉटरबॅगा शोधून देण्याच्या गडबडीत याचं नीट उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर सांगते.

गटाचं नाव लास केचप, गाव स्पेनमधलं कोर्दोबा. लोला, पिलार आणि लुसिया मुन्योस या तीन सख्ख्या बहिणी. २००२ च्या उन्हाळ्यात त्यांचं 'आसेरेहे' स्पेनमध्ये आलं आणि वर्ष संपायच्या आत जगभर वाजलं. त्याच गाण्याला बाहेर 'द केचप साँग' म्हणतात. पुढची गाणी त्याच्या जवळपासही गेली नाहीत. २००६ मध्ये चौथी बहीण रोसियो सोबतीला आली, चौघी युरोव्हिजन या देशादेशांमधल्या गाण्याच्या स्पर्धेत स्पेनतर्फे उतरल्या, खालून मोजावा असा नंबर आला आणि त्यानंतर गट थंडावला. एवढंच ऐकलं तर 'गायब झाल्या' हे कुणालाही पटेल. मला पटत नाही. त्या एका गाण्यात त्यांनी जे केलं ते पुरेपूर केलं. त्याला अर्धवट राहिलेली कारकीर्द म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

नावापासूनच सुरुवात करू. 'केचप' म्हटल्यावर कुठल्यातरी कंपनीनं बाटल्या खपवायला काढलेला गट वाटतो. प्रत्यक्षात त्यांचे वडील हुआन मुन्योस हे फ्लॅमेंकोचे, म्हणजे दक्षिण स्पेनच्या पारंपरिक गाण्या-नाचाचे, गिटारवादक, आणि लोक त्यांना 'एल तोमाते' म्हणतात, म्हणजे टोमॅटो. टोमॅटोच्या पोरी म्हणून केचप. पहिल्या अल्बमचं नावही 'इहास देल तोमाते', टोमॅटोच्या लेकी. हे कोल्हापूरकरांना फोड करून सांगावं लागू नये. आपल्या पेठांमध्ये कागदावरचं नाव रेशनकार्डापुरतं आणि लग्नपत्रिकेपुरतं. एरवी तालमीत पडलेलं नावच आयुष्यभर चालतं, आणि पोरंही 'अमक्याची' म्हणून त्याच नावानं ओळखली जातात. वडिलांचं टोपणनाव एवढ्या अभिमानानं जगभर मिरवणाऱ्या या पोरी मला पहिल्यापासून आपल्या वाटल्या, त्या यामुळंच.

आणि फ्लॅमेंकोच्या घरात वाढणं म्हणजे काय, हेही या गावाला कळायला हवं. थोर गवई अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांनी दरबारात ठेवलं, ते हे गाव. देवल क्लब ही संगीताची संस्था १८८३ पासून ज्या गावात आहे, तिथं घरातून कानावर पडलेल्या सुरांची किंमत वेगळी सांगायची गरज नाही. फ्लॅमेंकोत टाळीसुद्धा वाद्य मानतात. तिला 'पाल्मास' म्हणतात आणि तिचे दोन मुख्य आवाज आहेत. एका हाताची बोटं दुसऱ्या तळव्यावर आपटली की फटाक्यासारखी कोरडी टाळी येते. दोन्ही तळवे खोलगट करून मारली की दबका, भरीव आवाज येतो. गाणारा मोठ्यानं गात असेल तेव्हा कोरडी, हळू गात असेल तेव्हा दबकी. मी मुलांना नाच शिकवायच्या आधी या दोन टाळ्या शिकवते. दुसरीतली पोरं दोन मिनिटांत पकडतात, आणि वर्ग एकदम दबक्या टाळीवर गेला की खोलीतला आवाज कसा बदलतो ते त्यांचं त्यांनाच कळतं. स्टेप नंतर. आधी टाळी.

आता गाणं. त्यात एक गोष्ट आहे, आणि ती कुणी ऐकतच नाही. डिएगो नावाचा पोरगा कोपऱ्यावरून वळून झोकात क्लबकडं येतो. डोळ्यांत चंद्र, अंगावर समुद्राच्या निळ्या-हिरव्या रंगाचा सूट. जिथं मुंगीलाही जागा नाही तिथं तो घुसतो. डीजे त्याला ओळखतो. बाराच्या ठोक्याला तो डिएगोचं लाडकं गाणं लावतो आणि डिएगो नाचतो, गातो, त्याचा आनंद लुटतो. ते गाणं इंग्रजी आहे: शुगरहिल गँगचं १९७९ चं 'रॅपर्स डिलाइट', ज्यानं रॅप अमेरिकेत घराघरांत नेलं. डिएगोला इंग्रजी येत नाही. हे कडव्यात कुठंच म्हटलेलं नाही, धृपदात ऐकू येतं. 'आय सेड अ हिप हॉप' ही सुरुवात त्याच्या तोंडात 'आसेरेहे' होते आणि पुढची अख्खी ओळ तशीच घरंगळत जाते. गीतकार मानुएल रुइस, तेही 'केको' या टोपणनावानंच ओळखले जातात.

म्हणजे ज्या धृपदाला लोक निरर्थक म्हणतात, ते इंग्रजीचा एक शब्द न येता इंग्रजी गाण्यावर जीव टाकणाऱ्या माणसाचं धृपद आहे. आमच्या पिढीनं केबलवर चॅनेल व्ही आणि एमटीव्ही लावून दुसरं काय केलं? राजारामपुरीतल्या कॅसेटच्या दुकानात काउंटरवर उभं राहून आम्ही गाण्याचं नाव सांगायचो नाही, कारण ते माहीत नसायचं. ऐकू आलं तसं गुणगुणून दाखवायचो आणि दुकानदार बरोबर कॅसेट काढून द्यायचा. तो आमचा डीजे. आम्ही सगळे डिएगो. आपल्यासारख्यांवर, आपली बाजू घेऊन, एवढ्या मायेनं लिहिलेलं पॉप गाणं मला दुसरं सापडलेलं नाही.

लॅटिन अमेरिकेत काही मंडळींनी याच बोलांत सैतानाची भक्ती शोधून काढली. शब्दांची तोडमोड करून त्यातून 'पाखंडी व्हा' असा अर्थ काढला. बाराच्या ठोक्याला नाचणाऱ्या एका भाबड्या पोरावर हा आळ! मला त्याचा राग येतो, आणि त्यावर यापेक्षा जास्त शब्द खर्च करायची इच्छा नाही.

मग एवढं जमलेलं असताना पुढची गाणी का चालली नाहीत? याचं उत्तर त्या मुलींमध्ये शोधू नका, ऋतूमध्ये शोधा. स्पेनमध्ये दर उन्हाळ्याला एखादं गाणं 'उन्हाळ्याचं गाणं' ठरतं. समुद्रकिनाऱ्यावरच्या बारमध्ये, डिस्कोमध्ये तेच वाजतं. इंग्लंड, जर्मनीकडून सुट्टीला आलेली माणसं ते ऐकतात, त्याच्या स्टेप शिकतात आणि घरी परतल्यावर दुकानात जाऊन मागतात. म्हणून उन्हाळ्यातलं हे गाणं ब्रिटनमध्ये एक नंबरला पोचलं ते ऑक्टोबर २००२ मध्ये, सुट्ट्या संपल्यावर. अमेरिकेचे लोक त्या किनाऱ्यांवर एवढ्या संख्येनं जात नाहीत. तिथं बिलबोर्डच्या, म्हणजे गाजलेल्या गाण्यांच्या, मुख्य यादीत ते ५४ पर्यंतच चढलं. मला या दोन आकड्यांत सगळा कारभार दिसतो. लोकांनी विकत घेतला तो आपला संपत आलेला उन्हाळा. आपल्याकडं गणपतीत एखादं गाणं मिरजकर तिकटीपासून गंगावेशीपर्यंत प्रत्येक मंडळाच्या पुढं वाजतं आणि पुढच्या वर्षी त्याची जागा दुसरं घेतं, तसंच हे. मागच्या वर्षीच्या गाण्याच्या गायकाला कुणी 'बुडाला' म्हणत नाही.

त्याच आंदालुसिया प्रांतातलं दुसरं उदाहरण घ्या. 'माकारेना' गाणारे लोस देल रियो हे दोघे सेव्हिल्याजवळच्या दोस एरमानास गावचे. ते १९९३ मध्ये पहिल्यांदा आलं आणि १९९६ मध्ये त्याचा रिमिक्स अमेरिकेत १४ आठवडे एक नंबरला राहिला. सगळं जग म्हणालं, एका गाण्याचे धनी. पण ते दोघे साठच्या दशकापासून एकत्र गात होते! तीस वर्षांची गाणी, जत्रा, रात्री, यातलं काहीच बाहेरच्यांनी पाहिलेलं नाही म्हणून मोजलं गेलं नाही. कारकीर्द छोटी की मोठी हे ठरवताना आपण फक्त आपल्या टीव्हीवर दिसलेला तुकडा मोजतो.

२००२ हे सालच गमतीचं होतं. आपल्याकडं चॅनेल व्हीवर 'पॉपस्टार्स' हा कार्यक्रम झाला आणि त्यातून पाच मुलींचा 'व्हिवा' हा गट निघाला. नेहा भसीन आणि अनुष्का मनचंदा त्यातल्याच. त्याच वर्षी ब्राझीलच्या 'पॉपस्टार्स'मधून 'रूज' नावाचा पाच मुलींचा गट निघाला, आणि तो तिथं घरोघरी पोचला तो कशावर? याच आसेरेहेवर. त्यांनी पोर्तुगीजमध्ये 'रागातांगा' म्हणून ते गायलं. हे दोन्ही गट परीक्षकांनी निवडून जुळवलेले होते आणि काही वर्षांत विखुरले. त्या मुलींच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. पण लास केचप जुळवाव्या लागल्या नाहीत. एका स्वयंपाकघरात वाढलेल्या बहिणींचे आवाज एकमेकींत कसे मिसळतात ते ऐकायचं असेल तर कडव्यांकडं लक्ष द्या. धृपद तर सगळ्यांनाच पाठ आहे.

आता आजींच्या मुद्द्याकडं येते, पोरांना चांगलं काहीतरी शिकवण्याच्या. हा नाच चांगलाच आहे. हात एकावर एक फिरवायचे, अंगठा खांद्यावरून मागं दाखवायचा, आधी एक मग दुसरा, आणि शेवटी एक हात कपाळाशी, एक डोक्यामागं धरून गुडघे आत-बाहेर करायचे. उडी नाही, गिरकी नाही, कुणाला उचलायचं नाही. त्यामुळं कुणी पुढं आणि कुणी मागं, हा भेदच राहत नाही. एरवी गॅदरिंगच्या नाचात चार चुणचुणीत मुलं मधोमध आणि बाकीची कडेला झाडं होऊन उभी, हे मला सहन होत नाही.

एक मुलगा होता, नाव सांगत नाही, वर्गात तोंडातून शब्द काढायचा नाही. केशवराव भोसले नाट्यगृहात, ते ऑगस्ट २०२४ च्या आगीत जळायच्या खूप आधी, त्याच्या वर्गाचा हा नाच होता. (त्या रंगमंचावर किती पोरांची पहिली पावलं पडली होती! त्या आगीची बातमी मला अजून बघवत नाही.) तालमीत तो फक्त टाळ्या वाजवायचा, तोंड बंद. कार्यक्रमाच्या दिवशी विंगेतून बघते तर हा धृपद म्हणतोय. मोठ्यानं, मान मागं टाकून, प्रत्येक अक्षर स्वतःचं. त्याच्या भाषेच्या मॅडमना त्याचं उत्तर कधी एका वाक्याच्या वर मिळालेलं नव्हतं. या बोलांत चूक होण्याची सोयच नाही. डिएगोनं जे म्हटलं तेही चुकलेलंच होतं की, आणि त्यावर सगळं जग नाचलं.

राहता राहिलं युरोव्हिजन. २००६ ची स्पर्धा अथेन्सला झाली. चौघी बहिणींनी गायलेलं गाणं होतं 'ब्लडी मेरी'वर, म्हणजे टोमॅटोच्या रसाचं कॉकटेल. वडिलांचं नाव त्यांनी तिथंही सोडलं नाही. १८ गुण, अंतिम फेरीतल्या २४ देशांत २१ वा नंबर. जिंकले कोण, तर फिनलंडचे 'लोर्डी', राक्षसांचे मुखवटे घालून हार्ड रॉक वाजवणारे. म्हणजे त्या वर्षीही लोकांना नवलाईच हवी होती, फक्त वेगळी. हरलेल्यांची ही रात्र बघून कुणी त्यांची कारकीर्द तोलत असेल तर तोलू दे. युरोव्हिजनमध्ये दरवर्षी एक सोडून सगळेच हरतात, आणि त्यातल्या किती जणांचं गाणं वीस वर्षांनी कोल्हापुरातल्या दुसरीच्या वर्गाला पाठ असतं?

एक शेवटची शंकाही बऱ्याचदा येते. या गाण्याचं स्पॅनिशमध्ये इंग्रजी मिसळलेलं एक रूप आहे, आणि काही शाळा आवर्जून तेच मागतात, "मुलांच्या कानावर इंग्रजी पडेल" म्हणून. मी मूळ स्पॅनिशच लावते. त्यात डिएगोची गोष्ट अख्खी आहे, आणि ज्या पोराला इंग्रजी येत नाही त्याच्याच गोष्टीत इंग्रजी कडवी घुसवली की गंमत जाते. मुलांना मी तालमीच्या पहिल्या दिवशी ती गोष्ट मराठीत सांगते, मग गाणं लावते. ज्या शिक्षकांना त्यांच्या वर्गासाठी हवं असेल त्यांनी माझ्याकडून मागून घ्या, पेन ड्राइव्हवर देईन. टाळ्या कुठं कोरड्या आणि कुठं दबक्या, ते सोबत लिहून देते.