गिअरबॉक्स उतरवलाच आहे, तर क्लचचं सगळंच बदला

काटोलहून संत्रा भरून नागपूरच्या कळमना मार्केटला निघालो की माझ्या जुन्या पिकअपचं रडगाणं सुरू व्हायचं. चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढायचा, पण गाडी उचलायची नाही. वरून जळका वास. शंका असेल त्यांनी मोकळ्या सपाट जागी हँडब्रेक घट्ट ओढावा, चौथा टाकावा आणि हळूहळू क्लच सोडावा. इंजिन बंद पडलं तर पकड शाबूत आहे, फिरतच राहिलं तर क्लचची प्लेट, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी चकती, संपली. हे एकदाच करा, पुन्हा पुन्हा केलं तर उरलीसुरली प्लेटही जळेल.

वाडीच्या मिस्त्रीनं सुरुवातीलाच विचारलं, "भाऊ, नुसती प्लेट टाकून देऊ का? पैसे वाचतील." मी नाही म्हटलं, आणि त्यासाठीच हे लिहितोय. या कामात खरी मेहनत गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याची असते. मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट सोडा, पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा स्लेव्ह सिलिंडर बाजूला करा, खाली जॅक लावून तो जड डबा सांभाळत मागे ओढा. प्लेट नवी आणि पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग जुनं ठेवलं, तर ते बेअरिंग ओरडू लागल्यावर हीच मजुरी पुन्हा द्यायची.

प्लेट निघाली तेव्हा हातात घेऊन पाहिली. लायनिंग, म्हणजे पकड घेणारा वरचा थर, रिवेटच्या डोक्यापर्यंत झिजलेलं, एका बाजूला तर रिवेटनं फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या मागच्या जड चाकावर) गोल चरा पाडायला सुरुवात केली होती. फ्लायव्हीलवर निळसर डाग होते, ते अति तापल्याचे. पारडीच्या जॅममध्ये भरल्या गाडीनं अर्ध्या क्लचवर सरकत राहिलं की हेच होतं. भेगा नव्हत्या, म्हणून लेथवर फेसिंग करून म्हणजे वरचा भाग तासून सपाट करून घेतलं. प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांची टोकं जिथे रिलीज बेअरिंग टेकतं तिथे घासली होती, आणि ते बेअरिंग बोटानं फिरवलं तर आत खरखर लागत होती. तिन्ही वस्तू बदलल्या, सोबत फ्लायव्हीलच्या मधलं, गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक टेकतं ते छोटं पायलट बेअरिंगही. इंजिनाचा मागचा ऑइल सील कोरडा आहे ना, हे टॉर्च मारून पाहिलं. तो गळत असेल तर नवी प्लेटही तेलात भिजून घसरणार.

आतली काळी भुकटी हवेनं उडवू देऊ नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात जातं. ओल्या कपड्यानं पुसायला सांगा.

बसवताना मी जवळच उभा होतो. प्लेटची स्प्रिंगवाली फुगीर बाजू गिअरबॉक्सकडे. प्लेट मधोमध धरायला मिस्त्रीनं गिअरबॉक्सचा एक जुना इनपुट शाफ्ट घातला, त्याच्याकडे तो खास या कामासाठी ठेवलेला आहे. मग प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे कसत आणले. एकच बाजू आधी आवळली तर कव्हर वाकतं. शाफ्टच्या दात्यांना ग्रीस अगदी नावापुरतं, जास्त झालं तर फिरताना उडून लायनिंगवर जातं. शेवटी क्लच ऑइल नवं भरून नळीतली हवा काढली.

आता पेडल हलकं झालंय आणि गाडी पूर्वीपेक्षा खालीच पकडते. नव्या लायनिंगला फ्लायव्हीलवर नीट बसायला वेळ लागतो, म्हणून पहिले काही शे किलोमीटर भरगच्च माल घालायचा नाही असं ठरवलं. तोवर काटोलचा संत्रा चुलतभावाच्या गाडीनं येतोय.