स्थिर

रविवार, रात्री साडेअकरा

छोटीला अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या औषध-चाचणीचा निकाल वाचून दाखवला. दाखवायला नको होता, असं दुपारपासून वाटतंय.

तिला आहे तोच दुर्मिळ जनुकीय आजार, वोल्फ्राम सिंड्रोम, असलेले 12 जण, 24 आठवडे, पाण्यात कालवून प्यायची एक कडू पूड. डब्ल्यूएफएस1 जनुक बिघडलं की पेशींत ताण साचतो. इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी आणि डोळ्याची नस दोन्ही झिजत जातात. पूड तो ताण उतरवेल ही आशा. सी-पेप्टाइड, म्हणजे शरीर स्वतः किती इन्शुलिन बनवतंय त्याची खूण, सरासरी वाढलं. इथवर माझा आवाज चढला होता. मग नजरेबद्दल आलं: स्थिर.

"स्थिर म्हणजे आत्ता आहे तेवढीच ना, दादा?"

हो म्हणालो. तिने नाकातल्या फवाऱ्याची बाटली चाचपडत जागेवर ठेवली आणि कुकर लावायला गेली.

स्थिर. सहाव्या वर्षी साखर निघाली, सगळे टाइप 1 म्हणाले. अकराव्या वर्षी रंग फिके व्हायला लागले. तेव्हा कुणी हा शब्द दिला असता तर मी नाचलो असतो. इतकी वर्षं रात्री जागून कागद जमवले, आणि हाती काय, स्थिर. आई-बाबा दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत तिलाच का, आणि मला... जाऊ दे.

स्थिर म्हणजे फोन नाकाला टेकवून वाचणं स्थिर. बसचा नंबर कुणाला तरी विचारणं स्थिर.

जेवताना तिनेच विषय काढला. "पूड न घेणारे किती होते?" कुणीच नाही, सगळ्यांनाच दिली होती. "मग पुडीमुळेच झालं, हे कसं कळणार?" तीच पूड 2024 मध्ये एएलएसच्या, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या नसा निकामी करणाऱ्या आजाराच्या, मोठ्या चाचणीत कामी आली नव्हती, तेही सांगितलं. लपवून काय करू.

ती आमटी वाढून घेत म्हणाली, "मला तक्त्यावरच्या वरच्या दोन ओळी दिसतात. दोन राहिल्या तर मला चालेल रे."

मी दुपारभर हा शब्द कमी म्हणून चघळत बसलो होतो. तिच्या ताटात तो पुरेसा होता. मला अजून तो पुरेसा वाटत नाही, पण भांडणही उरलं नाही.

उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्यायची आहे. मागच्या वर्षीचा कागद बरोबर घे, असं तिने दोनदा बजावलंय.