‘वाऱ्याची दिशा’ सापडेना

सातारा जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेल्या एका शिक्षिकेच्या संकेतस्थळाची फेररचना करण्याचे काम माझ्याकडे आले होते. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. मुखपृष्ठावर परिचय, पुरस्कारांची छायाचित्रे आणि व्याख्यानांची यादी होती. कृतिपत्रिका, नकाशे आणि प्रयोगांच्या टिपणांपर्यंत मात्र ‘माझे कार्य’, त्यात ‘उपक्रम’ आणि त्यात शैक्षणिक वर्ष अशा वाटेने जावे लागे. बाईंची अडचण साधी होती. शिक्षक फोन करून साहित्य मागत आणि त्या ते स्वतःच्या फोनवरून पाठवत. सगळे संकेतस्थळावर असताना लोक आपल्याला का विचारतात, हे त्यांना उमगत नव्हते.

रंगरूपाला हात लावण्याआधी मी प्रत्यक्ष वापर पाहण्याचा आग्रह धरला. पाच जणांना एकेक करून संकेतस्थळ वापरायला बसवले तर बहुतेक अडचणी दिसतात, असे संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० मध्ये मांडले होते. त्यावर पुढे वाद झाले, तरी छोट्या कामाला तो आधार मला पुरेसा वाटतो. त्यानुसार एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, पाच शिक्षक आपापले मोबाइल घेऊन रिकाम्या वर्गात आले. बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या आणि काहीही झाले तरी मदत करायची नाही, असे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतले होते.

‘सोमवारी पाचवीला भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज शिकवायची आहे, कृतिपत्रिका शोधा,’ हे पहिले काम होते. एक शिक्षिका ‘माझ्याविषयी’मध्ये गेल्या, एकजण छायाचित्रांच्या पानावर घुटमळले, दोघांनी ‘उपक्रम’ उघडून वर्षांची यादी पाहिली आणि मागे फिरले. फक्त एका शिक्षिकेला कृतिपत्रिका मिळाली, कारण ती जिथे वाटली गेली त्या कार्यशाळेला त्या स्वतः हजर होत्या आणि ते वर्ष त्यांच्या लक्षात होते. तिथेच मला मूळ दोष कळला. साहित्य बाईंच्या आयुष्याच्या क्रमाने लावले होते आणि शोधणारा मात्र सोमवारच्या तासाच्या गरजेने येत होता.

दुसरे काम एका प्रयोगाचे टिपण शोधण्याचे होते. छायाचित्रांच्या पानावर घुटमळलेल्या शिक्षकांनी या वेळी थेट शोधचौकटीत ‘वाऱ्याची दिशा’ असे टंकले आणि ‘काहीही आढळले नाही’ असे उत्तर आले. त्यांनी शुद्धलेखन तपासून पुन्हा टंकले, तरी उत्तर तेच. इतका वेळ गप्प राहिलेल्या बाई उठून उभ्या राहिल्या. “अहो, आहे ते! मी स्वतः चढवलंय,” असे म्हणून त्यांनी यादीतून ते पान उघडून दाखवले. शीर्षक अक्षरशः तेच होते.

मी दोन्ही शब्द लॅपटॉपवर घेऊन त्यांचे अक्षरसंकेत, म्हणजे संगणक प्रत्येक अक्षर ज्या क्रमांकाने ओळखतो ते, उलगडले, तेव्हा कारण हाती लागले. ‘वाऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरातल्या लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतपद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त चिन्ह देता येते, किंवा साधा ‘र’, हलन्त चिन्ह आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा, शून्य रुंदीचा जोडक ठेवता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. बाईंचा मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये उतरवताना दुसरी तऱ्हा आली होती, तर मोबाइलच्या कळफलकाने पहिली वापरली होती. संकेतस्थळावरचा शोध संकेत जसेच्या तसे ताडून पाहत असल्यामुळे त्याच्या लेखी हे दोन वेगळे शब्द होते. शेतकऱ्यांवरचा, खाऱ्या पाण्यावरचा, किनाऱ्यावरचा असा प्रत्येक पाठ त्यामुळे शोधातून वगळला जात होता, आणि आपल्या भाषेत या अर्ध्या र चे शब्द किती आहेत हे आठवून मी अस्वस्थ झालो.

दुपारी आम्ही साहित्याची नावे कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहिली आणि शिक्षकांना त्यांना सुचेल तसे गट पाडायला सांगितले. इयत्ता आणि विषय यांवर लगेच एकमत झाले. त्याखाली धडा की संकल्पना, यावर मात्र बराच वेळ बोलणे चालले. पाठ्यपुस्तक बदलले की धड्यांचे क्रमही बदलतात, म्हणून संकल्पना ठरली. द्विशिक्षकी शाळेतल्या शिक्षिकेने एक चिठ्ठी हातात धरून विचारले, “मी तिसरी-चौथी एकत्र घेते, मग ही कुठे ठेवू?” माझ्या आराखड्यात प्रत्येक साहित्याला एकच इयत्ता होती. तो आराखडा मी तिथेच मोडला आणि एक साहित्य अनेक इयत्तांखाली दिसेल अशी सोय केली.

शोधाची दुरुस्ती त्यामानाने लहान होती. शीर्षके आणि टंकलेला शब्द दोन्ही आधी एकाच तऱ्हेत आणायचे, ह्रस्व-दीर्घाचा फरक सैल धरायचा, आणि ‘पाचवी’ लिहा किंवा आकडा कोणत्याही लिपीत लिहा, उत्तर एकच द्यायचे. वेळ लागला तो जुन्या पीडीएफना. त्यांतला मजकूर दिसायला मराठी असला तरी जुन्या फॉन्टमुळे आत रोमन अक्षरे होती आणि काही पाने तर नुसती स्कॅन केलेली चित्रे होती. प्रत्येक साहित्याला नवे शीर्षक, दोन ओळींचे वर्णन आणि लागणाऱ्या वस्तूंची यादी बाईंनी स्वतः टंकून दिली.

पुरस्कारांची छायाचित्रे मुखपृष्ठावरून काढण्याची सूचनाही त्यांचीच. परिचय मात्र मी हट्टाने राखला, कारण हा प्रयोग कोणत्या शाळेत, किती मुलांसोबत करून पाहिला हे कळले की वापरणाऱ्याचा विश्वास बसतो. ती माहिती आता प्रत्येक साहित्याच्या खाली आहे.

शेवटचा प्रश्न जुन्या दुव्यांचा होता, कारण ते शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये वर्षानुवर्षे फिरत होते. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्या पानाकडे नेणारे ३०१ क्रमांकाचे कायमचे वळण मी बसवले. बाईंनी आपल्या फोनमधले जुने संदेश काढून एकेक दुवा माझ्यासमोर उघडला. त्यांतले दोन चुकीच्या पानावर जात होते, ते त्याच रात्री दुरुस्त केले.