पाव नको, नुसतं ऑम्लेट

स्वारगेटला कोल्हापूरची एसटी धरायची, खिडकी गाठायची आणि कात्रजचा बोगदा यायच्या आत काहीतरी तोंडात टाकायचं, असा माझा माहेरी जायचा शिरस्ता. मार्च 2023 मध्ये बायकांना एसटीचं तिकीट निम्मं झालं आणि माझ्या फेऱ्या वाढल्या. पुढल्याच वर्षी रक्ताचा रिपोर्ट आला, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा, आणि डॉक्टरांनी माझं ताटही निम्मं केलं: पोळी, भात, बटाटा, म्हणजे साखर वाढवणारी कर्बोदकं कमी.

घरी हे निभतं. उसळ-भाजी वाढवली, पोळी कमी केली, की झालं. बाहेर पडल्यावर मात्र कळतं की दहा-वीस रुपयांत जे जे मिळतं ते एकतर पिठाचं, नाहीतर बटाट्याचं. वडापावात आत बटाटा, त्यावर बेसन, त्याबाहेर मैदा. साबुदाणा वडा उपासाचा म्हणून बिचारा निर्दोष वाटतो, पण त्यातही साबुदाण्याला जोड बटाट्याचीच. यात कुणाचा दोष नाही. थोडक्या पैशात पोट भरायचं काम धान्यच करत आलंय. आईच्या शिदोरीत तरी काय असायचं? दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि बुक्कीनं फोडायचा कांदा. त्यातली चटणी आणि कांदा एवढंच आता माझ्या वाटणीला उरलंय.

म्हणून मी माझी वेगळी शिदोरी बांधते. चार उकडलेली अंडी, दोन काकड्या, मूठभर खारे शेंगदाणे, पुडीत मीठ-मिरपूड. सगळं पन्नास-साठ रुपयांत बसतं. फक्त अंडी अगदी ताजी नकोत, जरा आठवडाभराची असली की साल नीट सुटतं. हे ज्ञान मला शिरवळच्या आसपास झालं. ताज्या अंड्याचं साल नखाएवढ्या तुकड्यांनी निघत होतं, प्रत्येक तुकड्याबरोबर पांढऱ्याचा लचका येत होता, आणि गाडीनं एक गचका दिला तसं उरलेलं अंडं मांडीवरच्या वर्तमानपत्रात जाऊन बसलं. शिवाय वास! पुढच्या सीटवरच्या काकूंनी एक शब्द न बोलता खिडकी सरकवली. शेजारच्या आजोबांच्या हातातली माळ एकदम भराभर फिरायला लागली. तेव्हापासून अंडी घरूनच सोलून नेते आणि गाडी थांबली की खाली उतरून, आडोसा बघून खाते.

फुटाण्यांनीही मला बरेच दिवस फसवलं. मी त्यांना शेंगदाण्यांचे सख्खे भाऊ समजत होते. पुडी सारखीच, विकणाराही तोच. पण शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत कर्बोदकं 16 ग्रॅमच्या आसपास, तर फुटाण्यांत 50 च्या वर. ‘भाकरी चालते हो’ म्हणणारेही प्रत्येक गाडीत दोन तरी भेटतात. ज्वारीच्या पिठात कर्बोदकं जवळजवळ गव्हाइतकीच असतात. चालते, पण अर्धी चालते. हे मी त्यांना सांगत नाही, कारण मग कराड येईपर्यंत कारल्याच्या रसावर ऐकावं लागतं.

आणि एवढा बंदोबस्त करून माझ्या पर्समध्ये दोन लिमलेटच्या गोळ्या असतातच. माझ्या औषधानं साखर कधी एकदम खाली येऊ शकते, म्हणून डॉक्टरांनीच ठेवायला लावल्यात.

साताऱ्याच्या पुढे गाडी जेवायला थांबते. ‘वीस मिनिटं हं!’ असं ओरडून कंडक्टर ड्रायव्हरबरोबर आतल्या खोलीत गडप होतो. इथं मी आधी थाळी घ्यायचे. एकदा म्हटलं, चपाती-भात नको, त्याऐवजी एक वाटी भाजी जास्त द्या. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, ‘भात पाहिजे तेवढा घ्या की. भाजीचे साठ जादा होतील.’ म्हणजे जे मला नको ते पोटभर फुकट, हवं ते वाटीनं मोजून. न खाल्लेल्या चपात्यांचे पैसे भरून वर भाजीचे वेगळे देणं जिवावर आलं. तेव्हापासून ऑम्लेट आणि ताक.

‘एक डबल ऑम्लेट. पाव नको.’

‘पाव त्यातच येतो, ताई.’

‘येऊ दे, पण मला नको.’

‘पैसे तेवढेच लागतील.’

‘लागू देत.’

पोरगं जरा घुटमळलं. मग हळूच म्हणालं, ‘मग खाणार काय?’ ऑम्लेट हे त्याच्या लेखी पावाबरोबर तोंडी लावायचं होतं. पाच मिनिटांनी ते ऑम्लेट घेऊन आलं, कडा कुरकुरीत झालेलं, मधे कांदा-मिरची वर आलेली, आणि शेजारच्या बशीत दोन पाव. लादीतून नुकतेच तोडलेले, कडेला अजून पांढरे, दाबले की खाली जाऊन परत वर येणारे. मी त्यांना दाबून पाहिलं, हे कबूल करते.

पैसे दिलेली वस्तू टाकायची नाही, हे दुखणं मला साखरेच्याही आधीपासून आहे. पाव रुमालात बांधले. करंज्यांसारखे जपून, वर पाण्याची बाटली येणार नाही असे पिशवीत ठेवले, आणि कोल्हापूरला स्टँडवर उतरले तेव्हाही ते शाबूत होते.

घरी भावजयीनं पिशवी रिकामी करायला घेतली. अंड्यांचा मोकळा डबा, काकडीची सालं, मग रुमाल.

‘वन्सं, हे पाव कुठनं आणलासा?’

‘राहू देत गं. सकाळी मिसळीला होतील.’

‘मिसळीला?’ तिनं पाव हातात धरून माझ्याकडं बघितलं. ‘मिसळीला आपल्यात स्लाइस ब्रेड लागतोय. पुण्यात राहून हे बी विसरलासा व्हय?’