गुलू ते मुचविनी, आर्चबिशप लुवुमच्या गावी पायी

युगांडात नोकरीला असलेल्या आपल्या लोकांना १६ फेब्रुवारी म्हणजे सुट्टी एवढंच माहीत असतं, ती आर्चबिशप जनानी लुवुमच्या स्मृतीची आहे हे नाही. कंपालात जनानी लुवुम स्ट्रीट आहे, तिथून रोज जातो आपण, पण हा माणूस कोण होता ते कुणी विचारत नाही. माझ्या ऑफिसातला एक अचोली (उत्तर युगांडातली जमात) मित्र दरवर्षी त्याच्या चर्चच्या मंडळींबरोबर उत्तरेतल्या गुलू शहरातून लुवुमच्या गावी, मुचविनीला चालत जातो, ह्या वेळी मी म्हणलं मलापण ने.

शंभरेक किलोमीटर अंतर. फेब्रुवारीत इकडे कडक उन्हाळा, गवत जाळून टाकलेलं, लाल धूळ नाकातोंडात. पण पुढे ढोल, मागे गाणी, मुक्कामाला शाळेच्या वर्गात चटया टाकून झोपायचं, गावातल्या बायका रताळी आणि ओडी (तीळ-शेंगदाण्याचं वाटण) घेऊन येतात, पैसे कुणीच घेत नाही. आपल्या दिंडीतलंच वाटत होतं सगळं, फक्त अभंगांच्या जागी अचोली भाषेतली भजनं.

चालता चालता म्हातारी माणसं लुवुमबद्दल सांगत होती. १९२२ चा जन्म, लहानपणी शेळ्या राखल्या, शाळा उशिरा मिळाली, मग प्राथमिक शिक्षक झाला, १९४८ मध्ये मनापासून धर्माकडे वळला आणि पाद्री व्हायला गेला. शिक्षणासाठी इंग्लंडला जाऊन आला, १९६९ मध्ये अँग्लिकन चर्चचा नॉर्दर्न युगांडाचा बिशप आणि १९७४ मध्ये थेट आर्चबिशप, तेही युगांडा, रवांडा, बुरुंडी आणि बोगा-झाईर (आजच्या काँगोतला भाग) एवढ्या मोठ्या प्रांताचा. तोवर हुकूमशहा इदी अमीनचं राज्य आलेलं होतं. १९७२ मध्ये ह्याच अमीनने नव्वद दिवसांची मुदत देऊन आशियाई लोकांना हाकललं, त्यात गुजराती होते तसे गोव्याचेही बरेच होते, त्यामुळे हे प्रकरण आपल्यापासून फार लांबचं नाहीये.

लोकांना रात्री उचलून न्यायचे आणि परत पाठवायचे नाहीत. लुवुम स्वतः गुप्त पोलिसांच्या ऑफिसात जाऊन माणसं सोडवायला बघायचा, जिथे साधा माणूस त्या रस्त्याने जायलाही घाबरायचा! अमीनला भेटतो, त्याच्याशी बोलतो म्हणून चर्चमधलेच काहीजण नावं ठेवायचे. मला वाटतं त्याचं खरं मोठेपण इथेच आहे, दाराशी बसून का होईना, माणसं सुटतील तेवढी सोडवायची.

५ फेब्रुवारी १९७७ च्या रात्री त्याच्या घरावर धाड पडली. शस्त्रं लपवलीत असा आरोप, सापडलं काहीच नाही. मग बिशपांनी सगळ्यांच्या सह्यांचं निषेधाचं पत्र अमीनला पाठवलं. १६ तारखेला त्यांना कंपालात बोलावून 'जप्त केलेली' म्हणून शस्त्रं मांडून दाखवली, त्या जागी आज सेरेना हॉटेल आहे. बाकीच्या बिशपांना घरी पाठवलं, लुवुमला ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी रेडिओवर बातमी, आर्चबिशप आणि दोन मंत्री मोटार अपघातात गेले. एरिनायो ओर्येमा आणि चार्ल्स ओबोथ ओफुम्बी हे ते दोघे मंत्री.

अपघात नव्हता हे गावाला कळलं. सांगतात की सैनिक शवपेटी घेऊन मुचविनीला आले, घाईत पुरायचं होतं पण जमीन एवढी टणक की खड्डा एका दिवसात झालाच नाही, पेटी रात्रभर चर्चमध्ये राहिली आणि लोकांनी गोळ्यांच्या खुणा बघितल्या. त्या जमिनीवर उभं राहून टाच आपटून बघितली मी. खरंच दगड आहे.

तिकडे कंपालात नामिरेंबे कॅथेड्रलला त्याच्यासाठी कबर खणून ठेवलेली, देह आलाच नाही, तरी हजारो लोक जमले. लुवुमचा मित्र जॉन सेंटामू, युगांडात न्यायाधीश होता आणि पळून इंग्लंडला गेलेला, त्याने ह्या खुनानंतर पाद्री व्हायचं ठरवलं, २००५ मध्ये तो यॉर्कचा आर्चबिशप झाला.

१६ तारखेला मुचविनीत एवढी गर्दी असते की पाणी आपलं आपणच न्यावं, टोपी आणि जुने बूटही. कंपालातून कुणाला यायचं असेल तर जानेवारीतच चर्चमध्ये नाव सांगून ठेवा, ते कुणालाच नाही म्हणत नाहीत.