हाबेल

रविवार, रात्री उशिरा

झोप येईना म्हणून बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा चौथा अध्याय काढला. थोरला काइन जन्मला तेव्हा आई हव्वा बोलते: परमेश्वराच्या साहाय्याने मला मुलगा लाभला. धाकट्याच्या वेळी ती गप्प. त्याचं नाव हाबेल, तो मेंढरं राखी, एवढंच. अर्पण आणतो, शेतात जातो, भावाच्या हातून मरतो. सगळ्या गोष्टीत त्याच्या तोंडी एक शब्द नाही. मेल्यावर मात्र त्याचं रक्त जमिनीतून देवाला हाक मारतं.

हिब्रूत हे नाव हेवेल. म्हणजे वाफ, तोंडातून निघून लगेच विरणारी. आणि बायबलातल्याच उपदेशकाच्या पुस्तकात 38 वेळा येतो तो हाच शब्द. सुरुवातीच्या एकाच वचनात पाचदा. बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या जेरोमने त्याचं 'वानितास' केलं, पोकळपणा. आपल्याकडे तो 'व्यर्थ' झाला.

हे सगळं डोक्यात यायचं कारण काकू. दुपारी त्यांच्याकडे गेले होते, मुलाच्या स्मरणोपासनेचे उतारे ठरवायला. पाळकसाहेबांनी नेहमीचे दोन सुचवलेत: स्तोत्र 90, आयुष्य सत्तर वर्षांचं, शक्ती असली तर ऐंशी, आणि उपदेशकाचा पहिला अध्याय. त्याला सत्ताविसावं लागायचं होतं. त्याच्या मोबाइलवर रिचार्ज संपल्याचे मेसेज अजून येतात, काकू ते उघडून वाचतात. उताऱ्यांची चिठ्ठी त्यांनी हातात घेतली, चष्म्यावर हाऽ करून काच पदराने पुसली, वाचलं आणि म्हणाल्या, "सत्तर कुणाला मिळाली गं? आणि हे व्यर्थ व्यर्थ कशाला? माझं पोरगं काय व्यर्थ होतं?"

भेटायला आलेली माणसं बसली होती, मी विषय वाढवला नाही. पण काकूंचं चुकत नाही. 'व्यर्थ' म्हटलं की निकाल लागतो: जगलास ते फुकट. हेवेल तेवढं म्हणत नाही. हाबेलचं अर्पण तर देवाला आवडलं होतं. फुकट काय गेलं त्याचं? आयुष्य थोडं मिळालं, बस्स.

अर्थात सगळीकडे 'वाफ' घालूनही भागत नाही. आठव्या अध्यायात उपदेशक चिडलेला आहे: नीतिमानाच्या वाट्याला दुष्टाचं फळ येतं आणि दुष्टाच्या वाट्याला नीतिमानाचं. तिथेही हेवेलच. ते थोडक्यात संपणारं दुःख नव्हे, मूठ आवळली तरी हाताला न लागणारा न्याय आहे. काकूंच्या घरी ही दोन्ही आहेत. ट्रकवाला अजून सापडलेला नाही.

पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून सगळं बायबल हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत आणलं. हेवेलपाशी त्या किती वेळ थांबल्या असतील? आईवडील दुष्काळात गेलेले. लग्न 1880 सालचं, नवरा 1882 च्या सुरुवातीला पटकीने गेला. भाषांतराचं काम हातात असताना 1921 साली मनोरमाही गेली, त्यांची एकुलती एक मुलगी. पुढच्या एप्रिलात त्या स्वतः. चौसष्टही पुरी नाहीत. संपूर्ण पुस्तक त्यांच्याच मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडलं ते 1924 साली, म्हणजे त्यांनी ते पाहिलंच नाही. स्तोत्रातली सत्तर वर्षं हे आश्वासन नसावं, असं आता मला वाटतं. ज्याच्या नावावर ते स्तोत्र आहे तो मोशे अजमास सांगत होता.

उपदेशकाचा नववा अध्याय मात्र कुणी काढत नाही. आनंदाने भाकर खा, द्राक्षारस पी, कपडे पांढरेशुभ्र असू देत, डोक्याला तेल कमी पडू देऊ नकोस, आवडत्या बायकोबरोबर सुखाने राहा, तुझ्या हेवेल आयुष्याचे सगळे दिवस. शब्द तोच, पण तिथे उसासा नाही. वेळ थोडा आहे म्हणून जेवायला बस, असा घरच्या माणसाचा सूर आहे. शिवाय हा पोरगा पांढऱ्या शर्टांचा शौकीन. इस्त्रीवरून काकूंशी भांडायचा.

आठ वाजता पाळकसाहेबांना फोन करून विचारलं, नववा वाचू या का? म्हणाले, "अहो, दुःखाच्या घरी द्राक्षारसाचं वचन? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, काकूंना विचारते आणि कळवते. उद्या ऑफिसला जाताना जाईन. काकांना ऐकायला कमी येतं, त्यांना स्वतःच वाचावं लागेल, तेव्हा मोठ्या अक्षरांचं बायबल न्यायला हवं.