उळं, झारी आणि ओलं पोतं

कोंब आलेला कांदा कुंडीत खोचला तरी पात मिळते. पण तो लवकरच डेंगळ्यावर येतो, म्हणजे फुलाचा दांडा काढतो, आणि पात चिवट होते. घोळाण्याला, म्हणजे कच्च्या पातीच्या कोशिंबिरीला, कोवळी, रसरशीत पात हवी असेल तर उळंच, म्हणजे कांद्याचं बीच टाकावं.

तेही ताजं. हे बी फार टिकत नाही. पत्र्याखाली एक उन्हाळा काढलेली पुडी बहुधा वाया गेलेली असते. पेरायच्या आधी 20 दाणे ओल्या फडक्यात बांधावेत. आठवड्यात 14 दाण्यांना मोड आले तर बी चांगलं. 10 दाण्यांना आले तर दाट टाकावं. पाच-सहांनाच आले तर पुडी फेकलेली बरी.

दिवाळीच्या सुमारास चटका ओसरला की वाफा घ्यावा. चौरस मीटरला 4-5 ग्रॅम उळं पुष्कळ झालं. आपल्या काळ्या मातीत कांदा पोसतो छान, उगवताना मात्र अडतो. पाण्यानंतर ती वर पापुद्रा धरते आणि कांद्याचा अंकुर तर गुडघा मुडपल्यासारखा वाकून वर येतो. तो पापुद्र्याखालीच अडकतो. दोष मात्र बियाण्याच्या दुकानदाराला! म्हणून वरच्या चार बोटं मातीत निम्मं चाळलेलं, पुरतं कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू मिसळावी. 10 सेंटिमीटरवर रेघा, एक सेंटिमीटर खोल बी, वरून नुसतं शेणखत. त्यावर ओलं पोतं, सकाळ-संध्याकाळ झारीचं पाणी. सहाव्या दिवसापासून पोतं रोज उचलून बघावं. पहिले अंकुर दिसले की त्याच संध्याकाळी काढावं. उशीर झाला तर रोपं पिवळी, लांबट होऊन पोत्यात गुंततात.

यानंतर माया पातळ करावी. रोपं बुडातून कोलमडू लागली तर तो मर रोग. पाणी तोडावं, खत घालू नये. पातीवर चंदेरी चट्टे म्हणजे फुलकिडे. सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारावा. दाट रोपं उपटून भाजीत घालावीत, उरलेल्यांच्या बुडाशी मातीची हलकी भर द्यावी, म्हणजे दांडा पांढरा राहतो.

भोगीच्या सुमारास पात कापायला येते. दोन बोटं बुडखा ठेवून कापली तर पुन्हा फुटते. साध्या कांद्याचं बूड पुढे फुगू लागतं, तेव्हा तो उपटून संपवावा. ‘बंचिंग’ जातीचं बी मिळालं तर गोष्ट वेगळी: ती गड्डा धरत नाही, बुडातून फुटवे काढत राहते. तिचे जुडगे सुटे करून पुन्हा लावता येतात. एप्रिल-मे मात्र दुपारच्या सावलीत काढावे लागतात.